दृश्यकलेचं पहिलं वर्ष : प्रवेशापासून सबमिशनपर्यंत

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड, गणपतीतलं मखर, शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेले सुविचार. एवढ्या भांडवलावर बरेच जण आर्ट कॉलेजात येतात आणि पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त दमछाक त्यांचीच होते. त्यांचा हात तयार असतो, पण त्या हाताला सवय असते ती सफाईची. पहिल्या वर्षात सर तपासतात ते वेगळंच : समोरची वस्तू तुम्ही नीट पाहिलीत का, मापं घेतलीत का. सफाईला त्यानंतर कधीतरी विचारतात. ही अदलाबदल लवकर पचली तर वर्ष बरं जातं.

खालची माहिती महाराष्ट्रात बीएफएच्या (बॅचलर ऑफ फाइन आर्ट) पहिल्या वर्षाला किंवा फाउंडेशनला बसणाऱ्यांसाठी आहे. पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ आर्टला जाणाऱ्यांनी प्रवेशाचा भाग सोडून पुढचं वाचावं.

१. डिग्री की डिप्लोमा, हे आधी ठरवा

बीएफए म्हणजे बारावीनंतरची चार वर्षांची पदवी. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते, सायन्सच लागतं असं काही नाही. फाउंडेशन हा कला संचालनालयाच्या अखत्यारीतला एक वर्षाचा पाया आणि त्यापुढे रंगकला, उपयोजित कला, शिल्पकला वगैरेंचे डिप्लोमा. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडीचा (आर्ट टीचर डिप्लोमा) रस्ता वेगळा आहे. पुढे एमएफए करायचं, नेट-सेट द्यायचं किंवा परदेशी शिकायला जायचं डोक्यात असेल तर पदवी घ्या. फक्त काम शिकायचं असेल तर डिप्लोमाला नाकं मुरडण्याचं कारण नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी नावाजलेल्या चित्रकारांच्या नावापुढे ‘जी. डी. आर्ट’ (गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन आर्ट) हीच अक्षरं आहेत.

पहिला सापळा इथेच आहे. ‘फाइन आर्ट’ची पाटी लावून स्वतःचंच प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी संस्था खूप आहेत. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : पदवी किंवा पदविका कोण देणार? उत्तरात विद्यापीठाचं किंवा कला संचालनालयाचं नाव आलं, तर त्या विद्यापीठाच्या वा संचालनालयाच्या यादीत कॉलेज आहे का ते स्वतः तपासा. उत्तर गोलमोल आलं तर चहा घेऊन परत या.

शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय, म्हणजे आपलं जेजे, १८५७ सालचं. त्याला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची पद्धत त्यांच्याच संकेतस्थळावर बघायची, शेजारच्या दादाच्या अनुभवावर जायचं नाही. पुण्यात अभिनव, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज, वांद्र्याला रहेजा ही अनुदानित-खासगी मंडळींतली जुनी नावं. कॉलेज निवडताना जमलं तर त्यांचं वार्षिक प्रदर्शन बघून या. शेवटच्या वर्षाच्या भिंती सगळेच बघतात. तुम्ही पहिल्या वर्षाच्या भिंतीपुढे उभे राहा. सगळ्यांची चित्रं एकाच हाताने काढल्यासारखी दिसत असतील तर तिथे काय शिकवलं जातं ते कळतंच.

२. सीईटी आणि कागदपत्रं

राज्याचा सीईटी कक्ष घेतो त्या कला सीईटीत ऑब्जेक्ट ड्रॉइंग (समोरच्या वस्तूंचं चित्र), मेमरी ड्रॉइंग (आठवणीतून काढायचं प्रसंगचित्र), डिझाईन आणि सामान्यज्ञान-कल चाचणी असे भाग असतात. वेळा, गुण आणि टक्केवारीच्या अटी त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतून घ्या, त्या बदलतात.

मेमरी ड्रॉइंगमध्ये ‘आठवडी बाजार’, ‘बसस्थानक’ असे विषय येतात आणि मुलं माणसांची उंची चुकवतात. मागची माणसं लहान काढायची एवढं माहीत असतं, पण ती हवेत तरंगतात नाहीतर खड्ड्यात उभी दिसतात. उपाय सोपा आहे. सपाट जमिनीवर उभं राहून तुम्ही बघताय असं धरा आणि कागदावर क्षितिजरेषा फिकट ओढा. तुमच्याएवढ्या उंचीचं प्रत्येक उभं माणूस, जवळचं असो की लांबचं, त्याचे डोळे त्या रेषेवर येतील. लांबच्याचे पाय फक्त वर सरकतात. लहान पोरं रेषेच्या खाली, टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईची टोपली रेषेच्या वर. हे एकदा कळलं की अख्खा बाजार जमिनीवर नीट उभा राहतो.

प्रवेशफेरीआधी हे कागद एका फाइलीत लावून ठेवा, मूळ प्रती आणि साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच :

- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- सीईटीचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
- अधिवास प्रमाणपत्र
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस
- उत्पन्नाचा दाखला, आणि आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं (महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी)
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप प्रमाणपत्र
- दुसऱ्या बोर्डाचे असाल तर मायग्रेशन
- इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र, असल्यास

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो जात वैधतेचा आणि नॉन क्रीमीलेअरच्या मुदतीचा. वैधतेला महिने लागतात, म्हणून अर्ज बारावीत असतानाच टाकायचा. नॉन क्रीमीलेअरवर ‘पर्यंत वैध’ असं लिहिलेली तारीख असते, ती प्रवेशाच्या वर्षाची आहे का ते बघा. सेतू कार्यालयात जूनमध्ये जी गर्दी असते ती बघून अंगावर काटा येईल.

३. सामान : पहिल्या दिवशी सगळं घेऊ नका

कॉलेजजवळच्या दुकानात ‘फर्स्ट इयरचा सेट’ म्हणून एक भलीमोठी पिशवी हातात देतात. तिच्यातल्या निम्म्या वस्तू वर्षभर तशाच पडून राहतात. पहिल्या महिन्याला एवढं पुरतं :

- हाफ इम्पिरिअल कागद बसेल असा ड्रॉइंग बोर्ड आणि चार मोठ्या क्लिपा. फुल इम्पिरिअल कागद २२ × ३० इंचांचा असतो, हाफ म्हणजे त्याचा निम्मा, १५ × २२ इंच
- कार्ट्रिज पेपर, डझनावर. हँडमेड आणि जलरंगाचा जाड कागद सांगतील तेव्हा, सांगतील तेवढाच
- एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली, कटर, साधा खोडरबर आणि पुट्टी रबर (मळता येणारा मऊ खोडरबर)
- चारकोलच्या काड्या
- पोस्टर कलर : लेमन यलो, क्रोम यलो, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्ल्यू, काळा, आणि पांढऱ्याची मोठी बाटली
- एक बारीक, एक मध्यम राउंड ब्रश आणि अर्धा व एक इंची फ्लॅट ब्रश
- स्टीलची फूटपट्टी, मास्किंग टेप, गेटवे ट्रेसिंग पेपर, जुनं सुती फडकं
- खिशात मावणारं स्केचबुक

पेन्सिल शार्पनरने नाही, कटरने तासायची आणि शिसं बोटाच्या पेरापेक्षा लांब बाहेर ठेवायचं, म्हणजे आडवी धरून शेडिंग करता येतं. रंग कॅमलचे विद्यार्थ्यांसाठीचे पुरतात. ब्रशवर मात्र चार पैसे जास्त घाला. वाईट ब्रशने चांगला रंगही रेघारेघांचाच लागतो.

आपल्याकडे वर्ष ऐन पावसात सुरू होतं. कार्ट्रिज दमट हवेत फुगतो, त्याला लाटा येतात आणि रंग खड्ड्यांत साचतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा, गुंडाळी करू नका. लोकलने येणाऱ्यांनी बोर्ड रोज न्यायचा-आणायचा विचार सोडून द्यावा. सकाळच्या गाडीत तुम्ही चढाल, बोर्ड चढणार नाही. लॉकर मिळत नसेल तर कॉलेजातल्या शिपाईकाकांशी गोड बोला. हा सल्ला मी गमतीने देत नाहीये.

४. ऑब्जेक्ट ड्रॉइंग : एका कळशीवर महिना गेला तरी चालेल

अख्ख्या वर्षातला हा सगळ्यात महत्त्वाचा विषय, आणि सगळ्यात कंटाळवाणा वाटणाराही. टेबलावर एक पितळी कळशी, शेजारी कंदील, मागे चुण्या पडलेलं कापड, ज्याला सगळे ड्रेपरी म्हणतात. तुम्ही ‘डाँकी’वर बसलात, म्हणजे बोर्ड टेकवायच्या त्या लाकडी बाकड्यावर. आता काय?

आधी जागा पक्की करा. डाँकीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करा. मधल्या सुट्टीत कोणीतरी ते हलवणारच, आणि चार इंच जागा सरकली की कळशी आणि कंदिलातलं अंतर बदलतं. मग तुम्ही दुपारभर बरोबर असलेलं चित्र चुकीचं करत बसता.

मग माप. हात ताठ, कोपर अजिबात न वाकवता, एक डोळा मिटून पेन्सिल उभी धरा. पेन्सिलीचं टोक कळशीच्या तोंडाशी, अंगठ्याचं नख बुडाशी. ही कळशीची उंची. आता हात तसाच ठेवून पेन्सिल आडवी करा : पोटाची रुंदी त्या उंचीच्या किती? पाऊण? जवळजवळ तेवढीच? हे उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कागदावर पेन्सिलीवरचंच माप उतरवायचं नसतं, उतरवायचं ते गुणोत्तर. कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी हात ताठच.

यानंतर मधून एक उभा अक्ष ओढा आणि लंबगोल काढायला घ्या. इथे वर्गातली निम्मी मुलं अडकतात. कळशी तुमच्या डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेली आहे. तिचं तोंड त्या पातळीच्या त्यातल्या त्यात जवळ, म्हणून तिथला लंबगोल चपटा दिसतो. खाली खाली जाल तसा तो उघडत जातो, आणि बुडाचा सगळ्यात जास्त उघडा. म्हणजे बुडाच्या पुढच्या कडेची रेघ तोंडाच्या रेघेपेक्षा जास्त वळलेली हवी. नवखा विद्यार्थी नेमकं उलटं काढतो. तोंड जवळजवळ गोल, कारण कळशीचं तोंड गोल असतं हे त्याला माहीत आहे. बूड सपाट रेघेचं, कारण कळशी टेबलावर सपाट बसते हेही त्याला माहीत आहे. डोळ्याला दिसतं ते बाजूला राहतं आणि डोक्यात असलेलं कागदावर उतरतं.

लंबगोल पूर्ण काढा, न दिसणाऱ्या मागच्या कडेसकट. दोन्ही टोकांना तो कधीही टोकदार होत नाही, तिथेही छोटं का होईना वळण असतंच. अक्षाच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या आहेत का ते बघायला कागद उलटा धरा, म्हणजे डोकं खाली पाय वर. चूक लगेच डोळ्यांत घुसते.

कळशी आणि कंदील यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार काढा. वस्तू ओळखीची असते म्हणून आपण ती अंदाजाने काढतो. रिकामी जागा अनोळखी असते, म्हणून बघावीच लागते.

शेडिंग सगळ्यात शेवटी. तीन तासांचं काम असेल तर पहिला पाऊण-एक तास एकही छटा लावू नका, शेजारचा काळाकुट्ट करत सुटला असला तरी. मग डोळे बारीक करून बघा, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड, मध्यम, गडद असे तीनच भाग उरतात. आधी ते तीन लावा. पितळेची चमक पांढऱ्याने येत नाही, तिच्या शेजारी असलेल्या गडद प्रतिबिंबाने येते. म्हणून गडद भाग धीटपणे लावा आणि चमकेच्या जागी कागद कोरा सोडा. आणि बोटाने घासून शेडिंग गुळगुळीत करायची शाळेतली सवय सोडा. सगळी कळशी धुरकट होते आणि सरांना ते दहा फुटांवरून दिसतं.

५. टूडी डिझाईन आणि पोस्टर कलरची कटकट

डिझाईनमध्ये कल्पनेइतकंच हमालीचं काम असतं. चौरसात बिंदू, रेषा, आकार यांची रचना, मग तीच एका रंगाच्या छटांत, मग विरोधी रंगांत. शीटवर येणारं बारा भागांचं रंगचक्र आणि रंगविरोधाचे सात प्रकार हे योहानेस इटनच्या शिकवणीतले. जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत १९१९ पासून तो नव्या विद्यार्थ्यांसाठी पायाभूत वर्ग घ्यायचा. सगळ्यांना आधी रंग, आकार, पोत, मग ज्याची त्याची शाखा, ही कल्पना तिथून जगभर गेली. बाउहाउसच्या मंडळींची चित्रं १९२२ मध्ये कोलकात्यात प्रदर्शनात लागली होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष रंग लावण्याबद्दल. पोस्टर कलर सपाट लागला पाहिजे, म्हणजे वाळल्यावर ब्रशचा एकही फराटा दिसता कामा नये. त्यासाठी :

- रंग पातळ ताकासारखा हवा. ब्रशवरून ओघळायला नको आणि ओढताना अडायलाही नको.
- लागेल त्याच्या दीडपट रंग एकदाच कालवा. संपल्यावर पुन्हा तीच छटा जुळवायला गेलात तर रात्र जाते.
- आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखा नसतो.
- आधी फ्लॅट ब्रशने मोठे भाग, कडा बारीक ब्रशने.
- कालवलेल्या वाट्या ओल्या फडक्याने झाका.

जांभळा हवा असेल तर अल्ट्रामरीनमध्ये क्रिमसन घाला. व्हर्मिलियन घातलंत तर चिखलासारखा तपकिरी मिळेल, कारण त्या लालात पिवळेपणा असतो आणि तो निळ्याला मारतो. याचसाठी दोन लाल, दोन पिवळे, दोन निळे घ्यायचे. पिवळ्याची गडद छटा करायला काळा घातला की तो हिरवट होतो. ती चूक नव्हे, तसंच होतं. तुम्हाला हिरवट नको असेल तर काळ्याऐवजी थोडा तपकिरी वापरून बघा.

लोककलेवर आधारित रचना हा ठरलेला प्रकल्प. सगळा वर्ग मोबाइलवरून वारली उतरवतो : गोल घेरात नाचणारी माणसं, मध्ये तारपा हे वाद्य वाजवणारा, झालं. वारली घेणार असाल तर निदान ती काय आहे ते बघा. लग्नात घराच्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी ‘चौक’ लिहितात, त्यात पालघट देवी असते. बायकांची ही कला जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरून कागदावर आणली, वेगळ्या वाटेने वाढवली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चौकाची चौकट, तिच्या काठाच्या नक्ष्या, त्रिकोणांतून उभं राहणारं शरीर, यात रचनेचा अभ्यास करायला खूप आहे. किंवा वारली सोडा आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी बघा. वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

६. बाकीचे विषय, थोडक्यात

थ्रीडी : माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) कापताना प्लॅस्टिकची पट्टी नको, कटर तिच्यात घुसतो आणि पुढे बोटात. स्टीलची पट्टी धरून तीन हलक्या फेऱ्यांत कापा. फेव्हिकॉल कमी लावा, जास्त लावला की कागद वाकतो.

मातीकाम : आत तारेचा किंवा लाकडाचा सांगाडा पक्का करा, नाहीतर मान रात्रीतून खाली येते. निघताना ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक.

लिनोकट (लिनोलियमवर कोरून घ्यायचा छाप) : छाप उलटा येतो. अक्षरं असतील तर आरशात बघून कोरा. हात नेहमी कोरणीच्या मागे ठेवायचा, पुढे नाही. प्रेस मोकळा नसेल तर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याने मागून घासलं तरी चांगला ठसा येतो.

लेटरिंग : ओ हे अक्षर एच एवढ्याच उंचीचं काढलं तर लहान दिसतं, म्हणून ते वर-खाली किंचित बाहेर काढतात. अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजून नाही, डोळ्याने ठरतं. देवनागरीत शिरोरेषेची जाडी आधी ठरवा.

७. स्केचिंग : मंडईत जा

रोजची ठरावीक स्केचेस हा बहुतेक कॉलेजांतला नियम, आणि ती रविवारी रात्री मोबाइलमधल्या फोटोंवरून एकदम पाडायची ही तितकीच जुनी परंपरा. सरांना ते पहिल्या तीन पानांत कळतं. फोटोवरून काढलेल्या माणसाचं वजन कोणत्या पायावर आहे ते दिसत नाही.

सुरुवातीला तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणारी माणसं निवडा : चप्पल शिवणारे काका, भाजी निवडणारी मावशी, कटिंग ओतणारा चहावाला. हालचाल परत येते, तेव्हा राहिलेला हात पूर्ण करता येतो. बॉलपेनने काढा, खोडायची सोयच नको. चेहऱ्यापासून सुरू करू नका. मान, खांदे, कंबर आणि जमिनीवरचे पाय एवढं दोन मिनिटांत आलं की बास.

स्टेशन, एसटी स्टँडवर बसताना कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात ठेवा. कोणी हटकलं तर वही दाखवा, बहुतेक वेळा हटकणारा स्वतःच पोझ देऊन उभा राहतो. बायाबापड्यांना टक लावून बघण्यापेक्षा ‘काकू, तुमचं चित्र काढू का?’ असं विचारलेलं बरं.

८. कलेचा इतिहास : पाठ करू नका, काढा

थिअरीला कमी लेखून नापास होणारे दरवर्षी असतात. उत्तरपत्रिकेत छोटं रेखाचित्र काढायचं, ही सवय पहिल्या चाचणीपासून लावा. वेरूळच्या १६ क्रमांकाच्या कैलास लेण्याचा उभा छेद एकदा वहीत काढलात, की ते राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली कोरत आणलं म्हणजे नेमकं काय केलं, ते पुन्हा विसरणार नाही. तसंच अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं : मान, कंबर आणि गुडघा यांतली वळणं काढून बघा, ‘त्रिभंग’ची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

नक्कल करण्याला कमीपणा मानू नका. जेजेत शिकवणारे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढची बरीच वर्षं अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्यांतल्या कित्येक पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, पण त्या करताना ते विद्यार्थी काय शिकले असतील याचा विचार करा.

वर्षभरात मूळ चित्रं बघायचीच. मुंबईत असाल तर काळाघोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, शेजारी वस्तुसंग्रहालय आणि जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, एका दुपारचं काम. सातारा-सांगलीकडच्या मुलांनी औंधचं भवानी संग्रहालय सोडू नये. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे बघायला मिळतात. कॅलेंडरवर बघितलेला रविवर्मा आणि प्रत्यक्ष तैलरंग, यातला फरक बघायला एसटीचे पैसे वसूल आहेत.

९. सर, मॅडम आणि करेक्शन

आर्ट कॉलेजात सर तुमच्या डाँकीवर बसतात, रबर मागतात आणि दोन तासांचं काम पुसून टाकतात. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं. त्या वेळी मोबाइल बघत बाजूला उभं राहू नका, सरांच्या मागे उभे राहा. त्यांनी आधी कुठे माप घेतलं, कोणती रेघ सगळ्यात आधी ओढली, ते बघा. ‘काय चुकलं?’ यापेक्षा ‘पुढच्या शीटला आधी काय तपासू?’ असं विचारलंत तर उत्तर कामाचं मिळतं. दोन शिक्षकांची दोन मतं येतील. वाद घालू नका, एकेक शीट दोघांच्याही पद्धतीने करून बघा.

आणि करेक्शन झालं की शीटवर सही व तारीख घ्या. बहुतेक ठिकाणी सही नसलेली शीट सबमिशनला धरत नाहीत. हजेरीचंही तसंच, ७५ टक्क्यांचा नियम मार्चमध्ये सगळ्यांना एकदम आठवतो.

१०. सबमिशनची तयारी दिवाळीतच

विषयवार कप्पे केलेली एक मोठी फाइल आणि भिंतीवर एक तक्ता : विषय, किती शीट मागितल्यात, किती झाल्या, किती सहीच्या. दिवाळीच्या सुट्टीत हा तक्ता भरून बघा. डिझाईनच्या शीट सगळ्यात मागे पडतात, म्हणून सुट्टीत त्याच करा. ऑब्जेक्ट ड्रॉइंग घरी एकट्याने भरून काढता येतं, प्रिंट आणि मातीकाम येत नाही. ते विभाग उघडा असेल तेव्हाच उरका.

चारकोलच्या शीटवर फिक्झेटिव्ह (चारकोल पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे) उघड्यावर मारा, खोलीत नाही, आणि मध्ये बटर पेपर ठेवा. शीट माउंट करायचं, म्हणजे माउंटबोर्डवर लावायचं काम शेवटच्या रात्री घेऊ नका. त्या रात्री शहरातल्या सगळ्या दुकानांतला काळा माउंटबोर्ड संपलेला असतो. मित्राकडून शीट उसनी घेऊन नाव बदलणारे दर वर्षी सापडतात. ज्युरीतल्या, म्हणजे सबमिशन तपासणाऱ्या माणसांनी हजारो शीट बघितलेल्या असतात, हात त्यांना ओळखू येतो.

११. शीट टाकून द्यायच्या आधी

काही कॉलेजांत शाखा पहिल्या वर्षानंतर ठरते, काही ठिकाणी प्रवेशावेळीच. जिथे नंतर ठरते तिथे गुणांबरोबर कामही बघतात, आणि पुढे शिष्यवृत्ती किंवा इंटर्नशिप मागताना कोणीतरी पोर्टफोलिओ विचारतंच. म्हणून ज्युरी झाल्या झाल्या सगळ्या कामाचे फोटो काढून ठेवा. ऊन थेट पडत नाही अशा गच्चीच्या किंवा व्हरांड्याच्या भिंतीला शीट लावा, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. मोबाइल शीटच्या बरोबर मध्यावर, समांतर धरा, थोडं लांब उभं राहून झूम करा म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. फ्लॅश बंद. चारही कडा दिसू द्या, नंतर कापता येतात. फाइलीला नाव देताना विषय, माध्यम, आकार आणि महिना लिहा. कळशीच्या पहिल्या आणि शेवटच्या शीटचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. मुलाखतीत पोर्टफोलिओ उघडला की पहिल्यांदा हीच दोन पानं दाखवा.